कायमची हानी

"तुम्ही तिची बहीण ना? जिचा वास गेलाय तिची?" वाढणाऱ्या बाईनं चिमट्यात मासा धरून विचारलं आणि बर्नी व्राबेलच्या हातातली कागदी ताटली किंचित कलली. ईस्टरच्या आधीचे, मांस सोडून मासे खायचे, उपासाचे शुक्रवार होते. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची रांग दारापर्यंत गेली होती. तेलाच्या धुरानं भिंतीवरच्या संतांच्या तसबिरी ओशट झाल्या होत्या, आणि मागं कुणीतरी अजून पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, उरलेत का म्हणून ओरडत होतं. बर्नीनं ताटली डाव्या हातात धरली होती, कारण उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि खांद्याच्या खालीही तो जिवावर आल्यासारखाच हलायचा. हे त्या बाईला दिसायला हरकत नव्हती. बाई नवी होती, टेकडीपलीकडच्या बंद पडलेल्या चर्चमधून इकडं आलेल्यांपैकी असावी. नवीन आली तरी तिला लोरेटा ठाऊक होती. "हो," बर्नी म्हणाली, "मीच ती." बाईनं चुकचुक केली, दोन पिरोगी जास्तीचे घातले आणि म्हणाली, "हे तिला द्या हं. म्हणावं, आम्ही सगळे प्रार्थना करतो."

बर्नी ताटली घेऊन बाहेर आली ती थेट बसथांब्यावर. पिरोगी तिनं उभ्याउभ्या स्वतःच खाल्ले. आतला बटाटा इतका कढत होता की तिच्या टाळूची कातडी सोलली, पण ती थांबली नाही. जिला चव कळत नाही तिला लोक खायला पाठवतात. जिला कळते ती रस्त्यावर उभी राहून चोरल्यासारखी खाते. मी पण पडले होते, तिला वाटलं. त्याच पायऱ्यांवरून, त्याच क्षणी, तिच्याबरोबर. आणि हे तिला मोठ्यानं कुणालाच सांगता येणार नव्हतं, कारण साठी उलटलेली बाई असं म्हणायला लागली की ते कसं ऐकू येतं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

नकाशात त्या पायऱ्यांना कोर्सन स्ट्रीट असं नाव होतं. खालच्या बाजाराच्या रस्त्यापासून वरच्या घरांपर्यंत टेकडीला चिकटून चढत गेलेल्या त्या सिमेंटच्या पायऱ्या म्हणजेच रस्ता. त्यावर कधी गाडी गेली नव्हती आणि जाणारही नव्हती, पण नगरपालिकेच्या दप्तरी तो रस्ताच होता. नदीकाठची पोलादाची गिरणी चालू होती तेव्हा बाप त्याच पायऱ्यांनी पाळीवर जायचा. दोघी बहिणींना आईनं लहानपणीच शिस्त लावलेली होती: धाकटीनं कठड्याच्या बाजूनं चालायचं, मोठीनं भिंतीच्या बाजूनं. ओळखीच्या मिसेस हॉर्नियाकच्या मयताहून परत येतानाही दोघी तशाच चालत होत्या. लोरेटा अठ्ठावन्नची आणि बर्नी तिच्याहून पाचांनी मोठी, तरीही तशाच. ऑक्टोबरची संध्याकाळ होती. पायऱ्यांवर मेपलची ओली पानं चिकटली होती. लोरेटानं कठड्यावर हात टेकला आणि कठडा मुळासकट गेला, म्हणजे ज्या सिमेंटमध्ये तो रोवला होता तेच भुगा होऊन गेलं. तिनं बर्नीचा हात धरला. दोघी गडगडत खाली गेल्या. बर्नीला पुढचं आठवतं ते एवढंच, की तोंड पानांत होतं आणि पानांना गोडसर कुजका वास येत होता. बहिणीला तो आला नव्हता, आणि त्यानंतर तिला कसलाच वास आला नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसला की नाकाकडं जाणारे बारीक तंतू तुटतात, असं डॉक्टर म्हणाला. लोरेटा बेशुद्ध होती म्हणून दवाखान्यात सगळे आधी तिच्याकडं धावले. शुद्धीत असलेल्या बर्नीला एका नर्सनं सांगितलं, "तुम्ही जरा थांबा हं, राणी." बर्नी थांबली. ती नेहमीच थांबत आली होती.

वकील शोधला तो लोरेटानं. ओबरमायर. गुबगुबीत, चाळिशीचा, बापाच्या जागेवर बसलेला माणूस. त्याच्या खोलीत वाफेच्या नळ्या ठणठणायच्या आणि खिडकीत जिरॅनियमचं एक रोप मरायला टेकलेलं असायचं. दोघी शेजारी शेजारी बसल्या.

"मुळात सरकारवर दावा लावताच येत नाही," तो म्हणाला. "राजाच्या हातून चूक होऊच शकत नाही, असं पूर्वी विलायतेत मानायचे. आपण राजाला हाकललं, पण ते मानणं तेवढं ठेवून घेतलं."

"राजा गेला आणि चिलखत मागं राहिलं," लोरेटा म्हणाली.

ओबरमायर खदखदून हसला. बर्नीलाही जवळजवळ तेच म्हणायचं होतं, फक्त तिचं वाक्य अजून तयार होत होतं.

"बरोबर. मग राज्याला वाटलं, हे काही बरं नाही. म्हणून कायदा करून त्या चिलखताला राज्यानं आपणहून काही भोकं पाडली. सरकारी गाडीनं उडवलं, लावा दावा. रस्ता खचला, फुटपाथ मोडका होता, झाड पडलं, लावा दावा. पोलिसांचा कुत्रा चावला तरी लावा."

"कुत्रासुद्धा?" बर्नीनं विचारलं.

"कुत्रासुद्धा. पण भोकं मोजकीच. त्यातून जो आत जाईल त्यालाच कोर्ट. पायऱ्या त्यात बसतात. कठडा हलतोय हे नगरपालिकेला आधी माहीत होतं, हे दाखवावं लागेल. तुमच्या शेजाऱ्यानं दोनदा फोन केलाय, ते होईल. सहा महिन्यांच्या आत कळवायचं असतं, तेही तुम्ही कळवलंत. इथपर्यंत दोघींचं ठीक आहे." मग त्यानं चष्मा काढला आणि तो टायनं पुसू लागला. चष्मा काढणाऱ्या माणसांकडून बर्नीनं आयुष्यात कधी चांगली बातमी ऐकली नव्हती. "आता मेख सांगतो. नुसत्या दुखण्याची, सोसण्याची भरपाई नगरपालिकेकडून मिळते ती हानी कायमची असेल तरच. डोळा गेला, पाय गेला, वास गेला. मिसेस सिम्को, तुमचं त्यात बसतं. मिस व्राबेल, तुमचं खांद्याचं हाड मात्र सुरेख जुळलंय. खरं तर अभिनंदनच करायला हवं."

"दुखतं," बर्नी म्हणाली.

"दुखत असणारच. कायद्याचं दुखण्याशी भांडण नाही. पण दुखणं थांबू शकतं, असं कायदा धरून चालतो."

"माझं थांबत नाही."

"डॉक्टरनं तसं लिहून दिलं तर बघू."

डॉक्टर लिहून देईना. तो म्हणायचा, वय झालं. वसंतात न्यायाधीशानं बर्नीचा दावा कागदावरच काढून टाकला. लोरेटाचा राहिला. त्या दिवशी लोरेटा तिच्या गळ्यात पडून रडली, आणि रडताना तिनं नेमका दुखरा खांदा दाबला. बर्नीनं तो दाबू दिला. कशी रडते बघ, तिला वाटलं, माझ्या वाट्याचं रडणंही हीच घेऊन जाते.

हे काही आजचं नव्हतं. बर्नी सात वर्षांची असताना तिला लाल्या ताप आला होता. घरातले सगळे घाबरले, दाराला नगरपालिकेचा साथीचा पिवळा कागद लागला, आणि बर्नी भिंतीकडं तोंड करून बरी झाली. तिच्याकडून ताप लोरेटाला गेला, तेव्हा मात्र लोकांना तो कागद माहितीचा झाला होता आणि भीती चेपली होती. सगळी गल्ली संत्री घेऊन दारात आली. बाप गिरणीतून आला तो अंगावरची काजळीसुद्धा न धुता लोरेटाच्या खाटेपाशी बसला. संत्र्यांची सालं शेगडीवर टाकली की घरभर वास सुटायचा. बर्नीला त्या वासानं अजूनही मळमळतं. ताप तिचा होता. तो तिच्याकडून गेलेला होता. पुढं तसंच होत राहिलं. शिवणयंत्र बर्नीला मिळालं आणि शिवणाचं कौतुक लोरेटाला. बर्नी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली, पण फोनवर गोड बोलते म्हणून नाव झालं ते लोरेटाचं. लोरेटाला नवरा मिळाला, तो तिच्यासारखाच हसरा होता, आणि मेला तोही असा की सगळं टोलीडो शहर त्याच्या मयताला आलं. मग लोरेटा तिथून आपल्या बॅगा घेऊन टेकडीवरच्या घरात परत आली. आईच्या मागं दहा वर्षं बर्नी त्या घरात एकटी होती. लोरेटानं आल्या आल्या पडदे बदलले.

तरी नवऱ्याच्या शर्टाची गोष्ट सगळ्यात वाईट. स्टॅनचा एक न धुतलेला चौकटीचा शर्ट लोरेटानं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता. कधीतरी दुपारी दार लावून ती पिशवी सोडायची, हुंगायची आणि पुन्हा बांधायची. पडल्यानंतर तिनं पिशवी सोडली तेव्हा आत नुसतं कापड होतं. हे तिनं ओबरमायरला सांगितलं तेव्हा त्यानं टेबलावरचा पाण्याचा पेला इकडून तिकडं केला. चर्चमध्ये सांगितलं तेव्हा फादर मिखलिकनी रविवारच्या प्रवचनात नाव न घेता त्याचा उल्लेख केला. बायका रुमाल काढून बसल्या. बर्नी शेजारी बसून समोरच्या बाकाच्या पाठीवरचा ओरखडा पाहत होती. माझ्याकडं कुणाचा शर्ट आहे? मला वास येतो, सगळे येतात, ओल्या फडक्याचा, बसमधल्या माणसांचा, माझ्या खांद्याला चोळायच्या मलमाचा. त्यातला एकही कुणाचा नाही.

आणि मग कोबीचं घडलं. फेब्रुवारीत बर्नी हालुश्कीसाठी, म्हणजे नूडल्समध्ये घालायला, कोबी परतत होती. मोठ्या आचेवर लोण्यात कोबी टाकून ती खिडकीतून खाली गोठलेल्या नदीकडं बघत बसली असावी, कारण वरच्या मजल्यावरून लोरेटाची हाक आली तेव्हा ती दचकली. "अगं बर्नी, कोबी लागतोय खाली!" बर्नीनं कढई उतरवली. कोबी लागलाच होता, कडा तांबूस झाल्या होत्या, आणि तो वास तिला स्वतःलाही तेव्हाच आला. लोरेटा जिन्यावरून खाली आली, तिनं काही झालं नाही अशा थाटात टेबल मांडलं आणि दोघींनी जेवण केलं. बर्नी कोबीच्या तांबूस कडा ताटाच्या काठाला सारत राहिली. वरून, दार लोटलेलं असताना, हिला कसं कळलं? ती त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस तेच उगाळत राहिली. त्या उगाळण्यात काहीतरी गोड होतं. हिचा वास परत आलाय. हिला तो सांगायचा नाहीये. हिचंही जुळलंय, माझ्या हाडासारखं, आणि ही लपवतेय.

तिला खात्री करायची होती. पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत आईच्या कोटात ठेवलेल्या डांबरगोळ्या होत्या. शनिवारी लोरेटा अंघोळीला गेली असताना बर्नीनं त्यातल्या मूठभर गोळ्या तिच्या उशीच्या अभ्र्यात सरकवल्या. आपल्या हातांचा वास तिनं तीनदा साबण लावून घालवला, आणि मग अंधारात कान देऊन पडून राहिली. पलीकडच्या खोलीत लोरेटा शांत झोपली. तिचं बारीक घोरणं भिंतीतून येत होतं. सकाळी ती केस विंचरून, निळी टोपी घालून चर्चला निघाली तेव्हा तिच्या केसांना, मानेला, अंगाला डांबरगोळ्यांचा भपकारा येत होता. बाकावर तिच्या पलीकडची क्लॉडिया यानोसिक हळूहळू दूर सरकत गेली. पुढच्या ओळीतल्या एका पोरानं मागं वळून नाक चिमटीत धरलं. लोरेटानं त्याच्याकडं बघून हात हलवला, तिला वाटलं पोरगं गंमत करतंय. बर्नी स्तोत्राच्या पुस्तकात डोळे खुपसून उभी होती. छातीत काहीतरी उकळत होतं, ते हसू होतं की दुसरं काही ते तिला कळेना. घरी येताच तिनं अभ्रा काढून धुवायला टाकला. लोरेटा म्हणाली, "अगं, परवाच तर बदललास," आणि बर्नी म्हणाली, "डाग होता." त्या दिवशी खरं तर निकाल लागला होता. पण आठवड्याभरात बर्नीच्या मनानं तोही फिरवला. तिला कळलंच असेल, मन म्हणालं. कळून ती गप्प राहिली असेल. लोरेटाला नाटकं लहानपणापासून जमतात.

मे महिन्यात नगरपालिकेच्या वकिलानं बर्नीची जबानी मागितली. टॅनहिल त्याचं नाव, उंच, मऊ आवाजाचा. बाजाराच्या रस्त्यावरच्या इमारतीत एक लांब टेबल होतं. एका टोकाला स्टेनो बाई आपल्या छोट्या यंत्रावर बोटं टेकवून बसली होती. ओबरमायर होता, आणि त्याच्या शेजारी लोरेटा. दावा तिचा, तेव्हा बसायचा हक्कही तिचा. बर्नीनं शपथ घेतली. टॅनहिलनं आधी साधं साधं विचारलं: किती वर्षं एकत्र राहता, स्वयंपाक कोण करतं. आणि बर्नीच्या लक्षात आलं की ती बोलली की स्टेनो बाईची बोटं हलतात आणि ती थांबली की थांबतात. आपल्या तोंडून पुढचा शब्द पडायची कुणी अशी वाट पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

"पडल्यानंतर तुमच्या बहिणीला कसला वास आल्याचं तुम्ही कधी पाहिलंत का, मिस व्राबेल?"

खोलीत पंखा फिरत होता. लोरेटा तिच्याकडं बघून धीर दिल्यासारखं हसत होती. तेच हसू. खाटेवर संत्री मांडून हसलेलं.

"एकदा," बर्नी म्हणाली.

ओबरमायरचं पेन थांबलं. टॅनहिल आणखीच मऊ झाला. "सांगा ना."

तिनं कोबीचं सांगितलं. नीट, क्रमानं, वरचं दार लोटलेलं होतं हेही. डांबरगोळ्यांचं कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बोलून झालं तेव्हा तिचा उजवा खांदा हलका वाटत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

बसमध्ये दोघी एकाच बाकावर बसल्या. लोरेटा खिडकीतून बाहेर बघत होती. घरी येऊन तिनं टोपी काढली, पाणी प्यायलं, आणि कुणाला वेळ विचारावी तशा आवाजात म्हणाली, "तो आवाज होता, बर्नी."

"कसला आवाज?"

"कोबीचा. लोण्यात कोबी असतो तेव्हा चरचरतो. पाणी आटून खाली लागायला लागला की चरचर बारीक होते, कोरडी होते. मी आता सगळं कानानं करते. पाव भाजला की टकटक वाजवून बघते. दूध उतू जायच्या आधी गप्प होतं, तुला माहितीये? एकदम गप्प." तिनं पेला विसळून उलटा ठेवला. "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

बर्नी ओट्याला टेकून उभी राहिली. तिला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण लाजेच्या आधी, एका श्वासाइतकं आधी, दुसरंच वर आलं: म्हणजे नाक गेलं तर हिला नवे कान फुटले. माझा हात गेला, तर मला काय फुटलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तळघरात कपडे पिळत होती. वर जिन्यापाशी फोन होता आणि लोरेटाचा आवाज फळ्यांमधून खाली येत होता. ओबरमायर असणार. "नाही, मी सांगते ना काय झालं ते, आवाजाचं... हो, कळतंय मला. माझी बहीण शपथेवर एक सांगते आणि मी दुसरं, तर ज्युरी विचारणारच की बहीण असं का सांगेल." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. आणि मग तिचा आवाज बदलला. तो आवाज बर्नीला माहीत नव्हता. "नाही. ते नाही चालणार. तुम्ही तिला तिथं उभं करून हेवेखोर म्हणणार, तिचा दावा गेला म्हणून ती माझा पाडतेय असं म्हणणार, आणि सगळं गाव ते ऐकणार. नाही, मिस्टर ओबरमायर. त्यापेक्षा सोडून द्या. ...हो, सगळंच सोडून द्या. वास काही तसाही परत येणार नाहीये."

बर्नीच्या हातात चादरीचं एक टोक होतं, दुसरं टबात. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. हेवेखोर. तो शब्द बाहेरून ऐकल्यावर तिला आधी वाटलं, कुणा दुसऱ्याबद्दल बोलताहेत. मग वाटलं, लोरेटाला हे केव्हापासून माहीत आहे? आज नव्हे, कालच्या जबानीपासूनही नव्हे. तिला ते नेहमीच माहीत असणार. तापात संत्री खाताना, पडदे बदलताना, बसमध्ये खिडकीतून बाहेर बघताना. माहीत असून तिनं ते झाकून ठेवलं होतं, जसं पाहुण्यांपुढं कुणी घरातली फाटकी खुर्ची झाकून ठेवतं. आणि आता ती त्याच्यासाठी आपलं सगळं सोडायला निघाली होती. हेही तीच करणार. मोठं मनही तिचंच. बर्नीला इतका राग आला की तिनं ती चादर तशीच टबात सोडली, हात पुसले आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

कोर्सन स्ट्रीटच्या पायऱ्यांना अजून दोरीच बांधलेली होती. ती रस्त्यानं वळसा घालून उतरली, बस पकडली आणि ओबरमायरच्या खोलीत न विचारता जाऊन बसली. एप्रनसकट.

"माझी जबानी पुन्हा घ्या," ती म्हणाली.

"मिस व्राबेल, तुमच्या बहिणीनं मला आत्ताच..."

"ती काय म्हणाली ते मी ऐकलंय. तिला म्हणावं, मला कुणी काही म्हणायची गरज नाही, माझं मी म्हणते. त्या मऊ बोलणाऱ्यालाही बोलवा. आणि ती यंत्रवाली हवी."

ओबरमायरनं चष्मा काढला नाही. त्यानं फोन उचलला.

तासाभरानं पुन्हा तेच टेबल. लोरेटा आली होती, यायचं नव्हतं तरी. तिनं दोनदा "बर्नी, नको" म्हटलं आणि दोन्ही वेळा स्टेनो बाईनं टॅनहिलकडं बघितलं. बर्नीनं आधी डांबरगोळ्यांचं सांगितलं. अभ्रा, केस, चर्चमधला बाक, नाक धरणारं पोरगं, सगळं. लोरेटानं हात तोंडावर नेला. "तरीच क्लॉडिया!" ती पुटपुटली. टॅनहिलनं विचारलं, "मग हे तुम्ही मागच्या वेळी का सांगितलं नाहीत?"

"कारण मला तिचा हेवा वाटतो."

स्टेनो बाईची बोटं क्षणभर अडखळली आणि मग चालू लागली.

"तुमचा दावा काढून टाकला म्हणून?" ओबरमायरनं हळूच विचारलं.

"तो तर आत्ता काढला. मला सात वर्षांची असल्यापासून वाटतो." आणि मग ती बोलत गेली. कुणी थांबवलं नाही. तापाचं सांगितलं, संत्र्यांचं सांगितलं, शिवणयंत्राचं, शर्टाचं. तिचा आवाज वर गेला नाही. एक्सचेंजमध्ये ती जसे नंबर जोडून द्यायची तसं ती एकेक जोडून देत होती. "आईचं शेवटचं वर्ष मी काढलं," ती म्हणाली. "तिला माणसं ओळखू यायची नाहीत. मला ती लोरेटा म्हणायची. माझं नाव तिनं वर्षभर घेतलं नाही. लोरेटा म्हणून हाक मारली की मी 'ओ' द्यायची. आणि लोरेटा म्हणून ती माझ्याशी इतकी चांगली वागायची, की मी कधी तिला सांगितलं नाही, की मी बर्नी. मी तेवढं घेतलं. दुसऱ्याच्या नावावरचं होतं, पण घेतलं." ती थांबली. "आता लिहा, की मी खोटं बोलले नव्हते, फक्त अर्धं बोलले होते. हिला वास येत नाही. मी घरात राहते, मला माहीत आहे."

टॅनहिलनं आणखी प्रश्न विचारले नाहीत. पुढं उन्हाळ्यात नगरपालिकेनं तडजोड केली. कोर्टात जायची वेळ आली नाही आणि गावाला यातलं काही कळलंही नाही, निदान कळल्याचं कुणी दाखवलं नाही. पायऱ्यांना नवा कठडा बसला. बर्नीच्या खांद्याला त्यातलं काही मिळायचं नव्हतं आणि मिळालंही नाही. तो दुखत राहिला.

पण हे पुढचं. त्या दिवशी दोघी इमारतीतून बाहेर आल्या तेव्हा उतरतीचं ऊन होतं, बस यायला वेळ होता, आणि लोरेटा थांब्यावरच्या बाकावर बसली ती उठेचना. बर्नी उभीच होती. तिला वाटलं, आता येईल. आता ओरडेल, निदान रडेल. पन्नास-साठ वर्षांचं एकदम काहीतरी म्हणेल. तिनं त्याची तयारीही केली होती, म्हणजे एप्रनच्या नाड्या बोटाला गुंडाळून घट्ट ओढून धरल्या होत्या.

"आई मला हाक मारायची?" लोरेटानं विचारलं.

बर्नीला प्रश्न कळायलाच वेळ लागला. "तुलाच ना. दिवसभर."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार होते?"

"मला वाटायचं, ती मला विसरली. तू फोनवर म्हणायचीस, ती आता कुणाला ओळखत नाही. मी टोलीडोत बसून तेच धरून चालले होते." लोरेटाच्या टोपीची पीन सुटली होती; ती हातानं चाचपत होती, पण पीन सापडत नव्हती. "शेवटच्या दिवशीपण? त्या दिवशी बर्फानं रस्ते बंद होते. मी बसस्टँडवर बसून राहिले होते, बर्नी, रात्र होईपर्यंत. त्या दिवशी काय म्हणाली?"

ते बर्नीनं आत सांगितलं नव्हतं. तेवढं तिनं ठेवून घेतलं होतं. ती खोली, खिडकीच्या काचेवरचं बर्फ, आईचे सुजलेले पाय आपल्या मांडीवर. ते तिचं होतं, म्हणजे नाव सोडून सगळं तिचं.

"म्हणाली, 'लोरेटा, पाय गार पडलेत गं,'" बर्नी म्हणाली. "मी मोजे घातले. मग म्हणाली, 'आता बरं.' तेवढंच."

लोरेटानं टोपी काढून मांडीवर ठेवली. तिचे ओठ हलत होते, मनातल्या मनात काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणून बघावं तसे. मग ती वर बघून म्हणाली, "म्हणजे मोजे मी घातले."

बर्नीनं बोटाला गुंडाळलेल्या एप्रनच्या नाड्या हळूहळू सोडल्या. तेवढंही गेलं, तिला वाटलं. लोरेटा बाकावर थोडी सरकली आणि तिनं शेजारची जागा हातानं झटकली. बर्नी बसली. दुखरा खांदा बहिणीच्या बाजूला आला. वळणावरून बस येताना दिसत होती.

"तूच घातलेस," ती म्हणाली. "निळे, लोकरीचे. डावा आधी."